भजी पाचच होती!

दिवाळी सरली आणि पुढच्या रविवारी मी लातूरला बहिणीकडे गेलो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लाल एसटी लातुरात पोचेपर्यंत माझी पाठ पार आंबून गेली होती. दारात चपला काढतो न काढतो तोच भाच्यानं हाताला धरून आत ओढलं.

"मामा, पिक्चर तयार झालाय. बसा आधी. चहा नंतर."

पिक्चरचं नाव होतं ‘आजोबांचा चष्मा’. लांबी चार मिनिटं. कॅमेरा म्हणजे बहिणीचा फोन. दिग्दर्शक आठवीतली भाची, बाकी सगळं पाचवीतला भाचा. आणि हिरो अर्थातच आजोबा.

गोष्ट अशी. आजोबा भजी खात पेपर वाचायला बसतात आणि चष्मा सापडत नाही. तो असतो त्यांच्याच डोक्यावर! इकडं शोध, तिकडं शोध. तेवढ्यात शेजारची शेळी काहीतरी चघळत चाललेली दिसते. आजोबांना वाटतं, हिनंच चष्मा पळवला. मग शेळी पुढं, आजोबा मागं. घरातून गल्लीत, गल्लीतून गंजगोलाईच्या बाजारात, गोलाईला चक्कर मारून थेट नदीवर. तिथं धाप लागून आजोबा पाणी प्यायला वाकतात आणि पाण्यात त्यांना स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. डोक्यावर चष्मा! समाप्त.

आम्ही सातजण बघत होतो. बहीण हसून हसून पदरानं डोळे पुसत होती. भावजींचा ठसका थांबेना. पहिल्याच दृश्यात आजीच्या माहेरच्या पितळी ताटलीत गरम भजी आहेत आणि आजोबा एक भजं चुकून मिशीत घालतात, तिथंच मी गार झालो होतो. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या. एकटी आजी गप्प.

"काय झालं आज्जी? आवडला नाही?" भाचीचा चेहरा पडला.

"आवडला की. पण भजी पाचच होती."

"म्हणजे?"

"मी पाच भजी वाढली होती. आधी पाच दिसली. मग तीन दिसली. ते खाल्ली म्हणावं. पण मग सहा कशी झाली? ताटलीत भजी वितात का काय?"

सगळे परत फोनवर तुटून पडले. थांबव, मागं घे, थांबव. खरंच की! पाच, तीन, सहा. आणि एकदा शोधायला लागल्यावर मग रांगच लागली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली, आजोबा मान वळवतात तेवढ्यात पावणेपाच, पुन्हा मान वळवतात तर सव्वादहा. गमछा डाव्या खांद्यावर, मग उजव्या, मग गायब. आणि मिशी! घरातून निघताना आजोबांची मिशी बारीक कातरलेली आणि नदीवर पोचेपर्यंत चांगली झुपकेदार झालेली. पळता पळता मिशी वाढवणारा जगातला पहिला माणूस आमच्याच घरात निघाला.

मिशीचं गुपित भाचीनंच फोडलं. नदीचं दृश्य आधी काढलं होतं, भाऊबीजेला सगळे माझ्याकडे नांदेडला आले होते तेव्हा, गोवर्धन घाटावर. नंतर लातूरला आल्यावर आजोबा न सांगता न्हाव्याकडे जाऊन आले आणि मग घरातलं दृश्य काढलं. शेवट आधी, सुरुवात नंतर. मधे कात्री.

तुम्हाला वाटेल, ही लेकरांची गंमत. पण मोठमोठ्या मालिका आणि सिनेमे असेच काढतात. गोष्टीच्या क्रमानं सहसा कुणी शूटिंग करत नाही. घरातली सगळी दृश्यं एकदम, रस्त्यावरची सगळी एकदम. म्हणजे नायक सोमवारी दारातून बाहेर पडतो आणि अंगणात पाऊल टाकतो तो पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी. शिवाय एकच दृश्य चार-चारदा घेतात. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा समोरच्या माणसाचा चेहरा. दर वेळी चहाचा कप तेवढाच भरलेला हवा, पदर त्याच खांद्यावर हवा, घड्याळाचा काटा तिथंच हवा. हे सगळं जुळणं म्हणजे कंटिन्युइटी. सातत्य म्हणा. आणि ते जुळलं नाही की भज्यांना पिल्लं होतात.

आमच्या सहाव्या भज्याचंही तसंच झालं होतं. आजोबांनी जवळच्या शॉटमध्ये दोन खरोखर खाल्ली (ते काही नुसता अभिनय करणाऱ्यातले नाहीत), मग लांबच्या शॉटसाठी भाच्यानं ताटली परत भरली आणि भरताना मोजली नाहीत.

मी म्हटलं, "लाजू नका. तुम्ही फार मोठ्या माणसांच्या पंगतीत बसलायत."

मिस्टर बीन तुम्हाला माहीत आहेच. त्याची ती पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची इवलीशी मिनी गाडीही माहीत असेल. पण १९९० मधला अगदी पहिला भाग बघा, त्यात बीनची मिनी नारिंगी आहे! ‘फ्रेंड्स’ नावाची अमेरिकन विनोदी मालिका तुमच्या ताई-दादांना तोंडपाठ असेल. तिच्यात मोनिकाच्या घराच्या दारावर आधी ५ आकडा होता, तो पुढं २० झाला. घर उंचावरच्या मजल्यावर आहे आणि ५ नंबर तिथं शोभत नाही, हे करणाऱ्यांच्या नंतर लक्षात आलं. त्याच मालिकेतला रॉस सलग तीन वर्षं आपलं वय २९ सांगतो. ‘हॅपी डेज’ नावाच्या मालिकेत तर एका कुटुंबाला चक नावाचा थोरला मुलगा होता, तो काही भागांनंतर नाहीसाच झाला. त्याच्या आईबापांनी पुढं कधी त्याचं नावही काढलं नाही! आणि ‘मॅश’ ही मालिका कोरियातल्या युद्धावर होती. युद्ध चाललं ३ वर्षं, १९५० ते १९५३. मालिका चालली ११ वर्षं.

एवढं लांब तरी कशाला जायचं. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ पासून चालू आहे. त्यातल्या टप्पू नावाच्या पोराचं काम आतापर्यंत तीन वेगवेगळ्या मुलांनी केलं. एक दिवस टप्पूचा चेहराच वेगळा होतो आणि त्यांच्या गोकुलधाम सोसायटीतला एकही माणूस, अगदी त्याचा बाप जेठालालसुद्धा, "अरे, तू कोण?" असं विचारत नाही. आणखी एक गंमत. जेठालालचे ‘बापूजी’ चंपकलाल साकारणारे अमित भट्ट हे जेठालाल साकारणाऱ्या दिलीप जोशींपेक्षा वयानं काही वर्षांनी लहान आहेत. बाप मुलापेक्षा धाकटा! ही मात्र चूक नाही, कसब आहे. आपल्याकडं दिलीप प्रभावळकरांनी तेच करून दाखवलं. २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, पण घरातल्या त्या खोडकर म्हाताऱ्या आबांना बघताना ते कुणाच्या मनातही आलं नाही. मला विचाराल तर मराठीत त्या मालिकेइतकं खरं वाटणारं घर टीव्हीवर दुसरं झालं नाही.

प्रभावळकरांनी त्याच्याही कितीतरी आधी दूरदर्शनवर चिमणराव साकारला होता, चि. वि. जोशींच्या गोष्टींमधला. तो जमाना ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा. आपल्या दूरदर्शनला रंग आले १९८२ मध्ये. आता विचार करा, काळ्या-पांढऱ्या टीव्हीत कंटिन्युइटीची केवढी सोय! टीव्हीला फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. विटकरी लाल आणि गर्द हिरवा, दोन्ही रंग सारखाच उजेड परत पाठवत असतील तर पडद्यावर दोन्हींचा एकच करडा होतो. एका दृश्यात लाल पडदा आणि पुढच्यात हिरवा लावला असता तरी घरी बसलेल्याला पत्ता लागला नसता. फोनवर एखादा रंगीत फोटो काळा-पांढरा करून बघा. मिरची लाल की हिरवी, सांगता येतं का?

पण भाचीच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. "मामा, हे सगळं ठीक. पण मी हा पिक्चर जोडताना कमीत कमी वीस वेळा बघितला. मला सहा भजी दिसली कशी नाहीत? माझे डोळे फुटले होते का?"

हा प्रश्न मला भज्यांपेक्षाही खमंग वाटला.

अंगणात माझी मोटरसायकल उभी होती. भाच्याला म्हटलं, चल, तिच्या आरशात बघ. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघ, मग उजव्या. मग परत डाव्या. तुझे डोळे हलताना दिसतात का तुला?

तो बराच वेळ नाक आरशाला चिकटवून बसला. "नाही दिसत."

"मी बघते," म्हणत भाची त्याच्या शेजारी वाकली. "अरे, हलायलेत की! लख्ख हलायलेत!"

आळीपाळीनं दोघांनी करून बघितलं. दुसऱ्याला तुमचे डोळे हललेले दिसतात, तुम्हाला स्वतःला कधीच दिसत नाहीत. तुम्हीही आत्ता उठून करून बघा, लेख कुठं पळून जात नाही.

झालं काय? आपले डोळे एकसारखे टुणटुण उड्या मारत असतात, सेकंदाला साधारण तीन. प्रत्येक उडीच्या वेळी समोरचं चित्र फरपटतं. ते फरपटणं आपल्याला जाणवलं असतं तर दिवसभर भोवळ आली असती. म्हणून मेंदू तेवढ्या क्षणापुरता डोळ्यांचा आवाज कमी करतो आणि उडीच्या आधीचं व नंतरचं चित्र असं काही शिवतो की मधली शिवण दिसत नाही. आता तेच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. बऱ्याचदा डोळे हललेले चक्क पकडता येतात, कारण फोन चित्र दाखवायला किंचित उशीर करतो. तोवर तुमची उडी संपलेली असते आणि मेंदूनं पाळत परत सुरू केलेली असते.

आता दुसरी गोष्ट. हात समोर ताठ धरा आणि अंगठा उभा करा. अंगठ्याच्या नखाकडे बघा. एकाच नजरेत अगदी कोरीव, स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम तेवढीच असते. बाकीचं सगळं पुसट. खरं वाटत नाही ना? तर मग डोळे या ओळीतल्या ‘नखाकडे’ या शब्दावर रोवून ठेवा आणि चार ओळी खालचा शब्द वाचून दाखवा. डोळा हलवायचा नाही हं!

म्हणजे बघा. भाचीनं वीस वेळा पिक्चर बघितला खरा, पण वीसही वेळा तिचा अंगठ्याएवढा उजेड आजोबांच्या चेहऱ्यावर होता. मिशीत भजं अडकलेलं असताना त्या स्टीलच्या ताटलीकडे बघायला कुणाला फुरसत होती?

डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना हाच खेळ मुद्दाम करून बघितला. १९९७ साली त्यांचा लेख छापून आला. त्यांनी एक छोटासा सिनेमा काढला. दोन मैत्रिणी हॉटेलात बसून बोलतायत. दर वेळी कॅमेरा बदलला की काहीतरी मुद्दाम चुकवलेलं. एकीच्या गळ्यातला रुमाल गायब, मग परत हजर. टेबलावरच्या ताटल्या लाल, मग पांढऱ्या. अशा नऊ चुका. दहा जणांना सिनेमा दाखवला आणि विचारलं, काही वेगळं वाटलं का? दहातल्या एकालाच काहीतरी वाटलं होतं, तेही धूसरसं. मग सांगून सवरून, "चुका शोधा" म्हणून परत दाखवला. तरी सरासरी दोनच सापडल्या!

यांचा पुढचा उद्योग त्याहून भारी. त्यांच्यातला एक माणूस रस्त्यात कुणालातरी थांबवून पत्ता विचारायचा. तो बिचारा सांगायला लागला की दोन माणसं एक मोठं दार आडवं धरून दोघांच्या मधूनच जायची. दाराच्या आड पत्ता विचारणारा बदलायचा. उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. आणि पत्ता सांगणाऱ्यांतले जवळपास निम्मे लोक काही न कळता या नव्या माणसाला उरलेला पत्ता सांगत राहायचे. टप्पू बदलला तरी आपण मालिका बघत राहतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की टप्पूचं आपल्याला कळतं आणि आपण चालवून घेतो. पत्ता सांगणाऱ्यांना कळलंच नाही.

पापण्यांचंही ऐका. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या लववतो. चार मिनिटांच्या सिनेमात झाल्या की साठेक. एका वेळी पाव सेकंद धरलं तरी पंधरा सेकंद आपण अंधारात! मग गोष्ट तुटत कशी नाही? २००९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी लोकांना एक विनोदी कार्यक्रम दाखवला आणि त्यांच्या पापण्या मोजल्या. कार्यक्रम कोणता, सांगा बरं? मिस्टर बीन! वेगवेगळ्या वेळी एकेकट्यानं बघितलेलं असूनही लोकांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच जागी लवल्या होत्या. बीनचं एखादं काम पुरं झालं, बीन पडद्यावरून बाजूला गेला, तेच तेच परत दिसायला लागलं, की मिटल्या पापण्या. गोष्ट नसलेली नुसती दृश्यं दाखवली तेव्हा असा मेळ दिसला नाही. म्हणजे आपण केव्हा बघायचं नाही, हेही गोष्टच ठरवते. विनोदात तर काय, ठसका लागून माणूस डोळेच मिटून घेतो. चूक लपवायला याहून चांगली जागा कुठली?

एवढं झाल्यावर भाचा म्हणाला, "मग आज्जीला कशी दिसली?"

आजी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तळली कुणी होती?"

बास. सगळं विज्ञान एका बाजूला आणि हे एका बाजूला. डाळीचं पीठ तिनं भिजवलं, घाणा तिनं काढला, ताटलीत मोजून तिनं ठेवली. तिचा अंगठ्याएवढा उजेड भज्यांवरच होता. त्या सिनेमात तिच्यासाठी हिरो आजोबा नव्हतेच!

आणि ज्याचं लक्ष जिथं, त्याला तेच दिसतं, हे संध्याकाळी आणखी पक्कं झालं. शेजारचे काका आले, ज्यांची ती शेळी. भाच्यानं त्यांनाही सिनेमा दाखवला. काकांना ना भजी दिसली, ना मिशी. पण नदीचं दृश्य आलं तसे ते ताडकन म्हणाले, "थांबा, थांबा. गोलाईतून पळाले अन् थेट गंगेवर? लातुरात एवढं पाणी कुठून आणलाव? रेल्वेनं का?"

आम्ही खो खो हसलो. पण लातूरबाहेरच्या दोस्तांनो, हा विनोद तुम्हाला लागणार नाही, म्हणून सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर इतकं कोरडं पडलं की शहराला पाणी खरोखरच रेल्वेनं आणावं लागलं, तेही पार मिरजेहून. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस सिनेमातलं पाणी सोडून दुसरं काय बघणार? पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला त्या दृश्यात काहीच खटकलं नसतं. लातूर आणि नांदेडमध्ये जवळजवळ दीडशे किलोमीटरचं अंतर, ते आजोबांनी एका कटमध्ये ओलांडलं तरी. (नदी म्हणजे गोदावरी बरं का. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात.)

खरं तर दोन गावं जोडणं ही चूक नाहीच. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकानं मॉस्कोच्या रस्त्यावर चालणारी माणसं आणि अमेरिकेतलं व्हाइट हाउस एकाला एक जोडून दाखवलं होतं. बघणाऱ्यांना वाटलं, सगळं एकाच गावात आहे. फक्त त्या गावचा माणूस प्रेक्षकांत बसलेला नसावा, एवढंच!

आता गोलाईतली चूक. ती सगळ्यात अवघड होती आणि ती मलाही आधी कळली नाही. नुसतं वाटत होतं की आजोबा मधेच घरी का परत चाललेत? शेळी डावीकडं पळते, आजोबा उजवीकडं. पाठलाग राहिला बाजूला, दोघं एकमेकांवर आपटतील असं वाटत होतं.

गंजगोलाई तुम्ही पाहिली नसेल तर डोळ्यांसमोर आणा. मधोमध दुमजली गोल इमारत, १९१७ सालची. आत देवीचं देऊळ. आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले १६ रस्ते. कुठं सोन्याची दुकानं, कुठं चपलांची, कुठं मिरची आणि गुळाची. नवखा माणूस एका रस्त्यानं आत शिरला की बाहेर कुठून पडेल सांगता येत नाही.

भाचीनं पहाटे गर्दी नसताना शूटिंग केलं होतं. शेळीचा शॉट मधल्या इमारतीच्या पायरीवर उभं राहून घेतला आणि आजोबांचा शॉट समोरच्या दुकानाच्या फळीवरून. दोघं पळत होती एकाच दिशेनं. गडबड काय झाली ते कळायला आम्ही जेवणाच्या टेबलावर एक वाटी पालथी घातली. ही गोलाई. तिच्याभोवती शेंगदाणा फिरवला, तो आजोबा. आता वाटीच्या जागी बसून बाहेर बघितलं तर शेंगदाणा उजवीकडून डावीकडं जातो. आणि टेबलाच्या कडेला बसून आत बघितलं तर तोच शेंगदाणा, तीच फेरी, पण डावीकडून उजवीकडं! शेंगदाणा बदललाच नाही. बघणारा पलीकडं गेला.

म्हणून सिनेमावाले मनातल्या मनात एक रेषा आखतात आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. टीव्हीवर कबड्डी बघताना मध्यंतरापर्यंत एक संघ कायम डावीकडं आणि दुसरा उजवीकडं दिसतो ना? मधेच कॅमेरा पलीकडच्या बाजूला नेला तर चढाई करणारा गडी आपल्याच घरात घुसतोय असं वाटेल. सरळ रस्त्यावर ही रेषा पाळणं सोपं. गोलाईत ती रेषाच गोल असते, मग बिचारी भाची काय करणार!

सावल्यांनीही चुगली केली होती. पहिल्या शॉटमध्ये आजोबांची सावली लांबलचक, तर पुढच्यात बरीच आखूड. म्हणजे सकाळी सुरू झालेलं पळणं दुपारपर्यंत चाललं! पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तिला कुणी "कट" म्हणून थांबवू शकत नाही. बाकी लातूर-नांदेडला वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. मे महिन्यात आधी लातूरला, मग दोन-तीन दिवसांनी नांदेडला, कारण नांदेड थोडं उत्तरेला आहे. त्या क्षणी शूटिंग केलं तर सावलीची चूक होणारच नाही. पण एक शॉट झाला की संपलं.

या सगळ्या चुकांवर उपाय काय? एक जुना उपाय अमेरिकेत ‘आय लव्ह लुसी’ या मालिकेनं १९५१ मध्ये केला. समोर प्रेक्षक बसवले आणि एकाच वेळी तीन कॅमेरे लावले. लांबचा, जवळचा, बाजूचा, सगळे शॉट एकाच दमात. भजं खाल्लं तर तिन्ही कॅमेऱ्यांत एकदाच खाल्लं जाणार.

दुसरा उपाय म्हणजे माणूस. सेटवर एकजण फक्त कंटिन्युइटी बघतो. हातात वही. कुणाच्या कुठल्या हातात काय, पदर कुठं, कप किती भरलेला, वाक्याच्या कुठल्या शब्दाला पात्र उठलं, सगळं टिपायचं. आता फोनवर फटाफट फोटो काढून ठेवता येतात. पूर्वी फिल्मवर काय उमटलं ते धुऊन आल्याशिवाय दिसायचं नाही, तेव्हा सगळी भिस्त वहीवर.

आणि तिसरा उपाय आपल्या मराठवाड्यातला. लक्ष्मण देशपांडे! ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात त्यांनी एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. ना मिशी बदलायची, ना कपडे. बाई झाली की आवाज आणि मान बदलली, म्हातारा झाला की कंबर वाकली. बावन्न माणसांची कंटिन्युइटी एका अंगात. तिथं भजी असती तरी हवेतली असती, आणि तीही मोजून तेवढीच राहिली असती.

आमच्या पोरांनी दुसरा उपाय निवडला. पुढचा पिक्चर उन्हाळ्याच्या सुट्टीत काढायचं ठरलंय, आणि एका दोनशे पानी वहीवर भाच्यानं ठळक अक्षरांत लिहिलंय: कंटिन्युइटी प्रमुख, आज्जी.

प्रमुखांनी कामाला लगेच सुरुवात केली. हा लेख लिहून झाल्यावर मी फोनवर तिला सगळा वाचून दाखवला. ती हूं हूं करत होती. एके ठिकाणी म्हणाली, "थांब. मागं जा. माझी ताटली पितळेची. माहेरची. ती मधेच स्टीलची कधी केलीस?"

मी मुद्दामच केली होती. तुम्हाला दिसली होती का?

तशीच आणखी एक चूक मी या लेखात पेरली आहे. ती आजीलाही सापडली नाही. आजोबांना नाही, भाचीला नाही, आणि भाचा तर तिला नाक लावून बसला होता तरी नाही. सुरुवातीपासून परत वाचा. ती अजून अंगणातच उभी आहे.